चौथ्यांदा पहिलीत

“मॅडम, तुमाले काय येते?”

नागपूरजवळ बुटीबोरीच्या कापड कारखान्यात मी नोकरीला लागले, त्या दिवशी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. अजून कारखान्याचं फाटकही दिसलं नव्हतं. सक्करदऱ्याहून निघालेली कंपनीची बस मानेवाड्याच्या चौकात थांबली होती, सकाळचे सव्वासहा वाजले होते, आणि माझ्या मांडीवर नियुक्तिपत्राची कोरी करकरीत फाइल होती. विचारणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला. अंगात कंपनीचा निळा गणवेश, तेल चोपडून बसवलेले केस, आणि पाठीवर शाळकरी मुलीचं दप्तर. गुलाबी. त्यावर हातात फुगा धरलेला ससा.

मी माझ्या पदव्या सांगितल्या. आधी वाणिज्य, मग व्यवस्थापन, त्यातही मनुष्यबळ हा खास विषय. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

“हे तर तुमी शिकले. पण येते काय?”

मला रागच आला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. हा गृहस्थ मात्र शेजारी शांतपणे वाट पाहत बसला. खापरी गेलं तरी तो वाटच पाहत होता. शेवटी सुटका करून घ्यायची म्हणून मी म्हटलं, “पोहता येतं.”

“पाण्यात?”

“मग आणखी कशात?”

“खोल पाण्यात?”

“हो.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. दप्तरातून शंभर पानी वही निघाली. तिच्यावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय अशी छापील चिठ्ठी चिकटवलेली. त्यांनी ‘विषय’पुढे ‘पोहणे’ लिहिलं आणि ‘इयत्ता’पुढे ‘पहिली’. मग पेन सरसावून म्हणाले, “हं. आता सांगा. पहिलं काय कराचं असते?”

मी सांगितलं की पहिल्यांदा श्वास रोखायला शिकावं लागतं. तेव्हापासून पंधरा दिवस ते बसमध्ये नाक दाबून बसत. जामठ्यापासून सुरुवात. मागच्या बाकावरचे लोक मोठ्यानं आकडे मोजत. चाळिसाच्या पुढे गेले की ड्रायव्हरही आरशातून बघायचा. पुढे ते खरोखरच महानगरपालिकेच्या तलावावर जाऊन पोहायला शिकले. पहिल्या आठवड्यात कान सुजला, दुसऱ्या आठवड्यात ताप आला, आणि दीड महिन्यानं एका सोमवारी बसमध्ये चढल्या चढल्या त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. मी पंचवीस वर्षांची होते. सगळी बस बघत होती. मी पाय सीटवर घेतले.

“आडवा गेलो मॅडम, या काठापासून त्या काठापर्यंत,” ते म्हणाले. “मधात एकदाही कोनाले धरलं नाही.”

हजेरीपटावर त्यांचं नाव होतंच, पण मोठ्या साहेबांपासून कँटीनमधल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना ‘विद्यार्थी’ म्हणत. काही जण कौतुकानं, बरेच जण टिंगलीनं. त्यांना दोन्हीतला फरक कळत नव्हता, किंवा कळून फरक पडत नव्हता. ज्यानं काही शिकवलं त्याच्या पायाला हात लावायचा, हा त्यांचा नेम. कँटीनच्या मावशींनी त्यांना उलट्या मडक्यावर लांब पोळी टाकायला शिकवली, तेव्हा ते कोपरापर्यंत भाजले आणि भाजलेल्या हातानं नमस्कार केला. मावशी आठवडाभर लाजत होत्या.

दहावीची परीक्षा त्यांनी मी यायच्या आधीच, वयाच्या पंचेचाळिशीत द्यायला घेतली होती. इंग्रजीत दोनदा आपटले. दोन्ही वेळा त्यांनी बसमध्ये संत्रा बर्फी वाटली. “मागच्या बारी अठरा होते, औंदा एकोणतीस आले,” असं प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवताना सांगत. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा मात्र बर्फी वाटायचं विसरले. त्या दिवशी ते कोणाकडून तरी हार्मोनियमच्या पट्ट्या समजून घेत होते.

अशा माणसाचा शेजार सोपा नसतो. हार्मोनियमनं त्यांची गल्ली सहा महिने पोळली. एकदा वायरिंगचा अर्धा कोर्स झाल्यावर त्यांनी शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर उघडला, आणि संध्याकाळी सातला अख्ख्या गल्लीचे दिवे गेले. लोक दारात येऊन ओरडू लागले. हे टॉर्च घेऊन बाहेर आले आणि समाधानानं म्हणाले, “आता मले पक्कं समजलं, कोणती तार जोडाची नसते ते.” त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा ठेवता ठेवता मन मोकळं केलं. “याईले सारं शिकाचं आहे वं बाई. तीस वर्षं झाले, ताजी कोथिंबीर कोणती अन् शिळी कोणती, तेवढंच शिकून नाही राहिले.”

“ते मुद्दामच शिकलो नाही,” आतून आवाज आला.

त्यांची मूळ गोष्ट मला बस बंद पडली म्हणून कळली. जामठ्याच्या पुढे टायर फुटलं, सगळे खाली उतरून उभे होते, आणि मी सहज विचारलं की हे शिकण्याचं खूळ कुठून आलं. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

मूळचे खाप्याचे. घरात खड्डामाग. वडील खड्ड्यात पाय सोडून माग चालवत आणि हेही नवव्या वर्षी त्या खड्ड्यात उतरले. पुढे हातमागाला गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून नागपूरच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. तिथला माग वेगळा, पट्ट्यानं फिरणारा, कानठळ्या बसवणारा. तो शिकले. वीस वर्षांनी एका सकाळी गिरणीच्या फाटकाला कुलूप आणि बाजूला चिकटवलेला कागद.

“हप्ताभर आमी रोज डबा घेऊन जात होतो मॅडम. फाटकासमोर बसाचं, दुपारी डबा खाचा, घरी याचं. कोनाले वाटत होतं उघडंन. मायाजवळ एक जण बसत होता. असा कारीगर, का अंधारात हात फिरवून सांगे, धागा कुठं सुटला. आठव्या दिवशी तो रडाले लागला. म्हणे, मले दुसरं काही येत नाही रे. मले दुसरं काहीच येत नाही. कुलूप पाहून मी नाही भेलो. पण ते वाक्य ऐकून भेलो. त्याच दिवशी उठलो. डबाही नाही खाल्ला. म्हटलं, हे वाक्य आपल्या तोंडून निंगाले नाही पाहिजे.”

तिथून उठून ते एका छोट्या कारखान्यात यंत्रमाग शिकले, आणि पुढे बुटीबोरीत आले.

“मग इथं तुम्ही काय म्हणून लागलात?” मी विचारलं.

“पहिलीत,” ते म्हणाले. “नवी शाळा, नवी पहिली.”

ड्रायव्हर एव्हाना टायर बसवत होता. ते उठून त्याच्याजवळ गेले आणि पाना हातात धरून विचारू लागले, की नट उलटा काहून फिरवता.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नवे माग आले. या मागांत आडवा धागा वाहून नेणारा धोटा नव्हता. धागा हवेच्या झोतानं फेकला जायचा, डोळ्याला दिसायचाही नाही, आणि प्रत्येक मागाला एक काचेचा पडदा होता. माग बिघडला की का बिघडला ते पडद्यावर इंग्रजीत उमटायचं. आठ जुन्या मागांचं काम असा एक करणार होता. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि जुन्या मागांवरच्या पन्नाशीपुढच्या कामगारांची यादी करायला सांगितली. त्यांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची होती. नव्या मागांवर डिप्लोमा झालेली मुलं-मुली घेतली होती, त्यांचं शिक्षण सुरूही झालं होतं.

“यांना शिकवून बघायचं का, सर?” मी विचारलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. खरोखरच्या सहानुभूतीनं म्हणाले, “अहो, या वयात त्यांना कशाला काचेपुढे उभं करून लाजवायचं?”

मी यादी केली. चौदा नावं झाली. विद्यार्थी दुसऱ्या क्रमांकावर होते. पहिल्या क्रमांकावर मारोतराव. मारोतराव म्हणजे कारखान्यातला सर्वांत जुना जॉबर, मागांची एक रांगच्या रांग त्यांच्या ताब्यात. मागाच्या आवाजावरून दुखणं सांगायचे. त्यांच्याशी बोलताना सुपरवायझरही आवाज खाली आणत.

यादी फुटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी विद्यार्थी माझ्या टेबलापुढे उभे राहिले. मी मान वर करू शकत नव्हते. मला वाटलं, आता विनवणी करतील, किंवा रागावतील.

“मॅडम, त्या नव्या पोट्ट्यांची परीक्षा आहे म्हंते. खरं का?”

“हो. सहा आठवड्यांनी.”

“मग आमी काहून बसू नये?”

गेले दोन दिवस चौदा घरांत काय चाललं असेल याचा विचार करकरून मला झोप नव्हती, आणि हे दप्तराचा पट्टा सारखा करत परीक्षेची चौकशी करत होते.

त्या दुपारी मी एक टिपणी लिहिली. चौदाही जणांना तीच परीक्षा द्यावी; जो पास होईल तो नव्या मागावर राहील; लेखी प्रश्न मराठीत असावेत. अर्ध्या पानाची टिपणी, पण ती साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी मी दोनदा दारातून परत फिरले, कारण माझीच नोकरी अजून कच्ची होती. साहेबांनी ती वाचली. खूप वेळानं सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक अट घातली. कामाच्या वेळात शिक्षण मिळणार नाही, आणि परीक्षेपर्यंत नव्या मागाला हात लावायचा नाही.

“आता काय करणार?” मी विद्यार्थ्यांना विचारलं.

“बस आहे ना,” ते म्हणाले. “जाताना सवा तास, येताना सवा तास. एवढी शाळा तर मी लहानपणीही नाही केली.”

प्रश्न होता, शिकवणार कोण? नव्या मागांवर शिकणाऱ्यांपैकी एक प्रणाली आमच्याच बसनं यायची. हिंगणघाटची, बावीस वर्षांची, सक्करदऱ्यात खोली करून राहणारी. विद्यार्थी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“बेटा, आज त्याईनं काय शिकवलं? आमालेही सांग ना वं.”

प्रणालीनं कानातले इअरफोन काढलेच नाहीत. चार दिवस असंच गेलं. पाचव्या दिवशी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मॅडम, हे सगळे पास झाले तर आम्हाला कोण ठेवणार? माझ्या घरची पहिली नोकरी आहे ही.” तिचं चूक नव्हतं. मी काही बोलायच्या आत मागून विद्यार्थीच बोलले. त्यांनी ऐकलं होतं.

“बरोबर बोलून राहिली तू. मीही तुया जागी हेच म्हटलं असतं. पण एक पाह्य. उद्या तू शिफ्टची मुख्य होशीन. तेव्हा तुया हाताखाली आमी चौदा जण असू, नाही तर ज्याईले काहीच येत नाही असे चौदा जण असन. तुले कोणते पाहिजे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली बसच्या मागच्या भागात येऊन उभी राहिली. एका हातानं वरची दांडी पकडली आणि शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली, “वह्या काढा.”

सूत गुंडाळलेले कोन ज्या खोक्यांतून येतात त्या पुठ्ठ्याचा विद्यार्थ्यांनी पडदा तयार केला. मागाच्या पडद्यावर जे जे उमटतं ते प्रणालीनं वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. तो पुठ्ठा सामानाच्या फळीला सुतळीनं टांगलेला असायचा आणि बस खड्ड्यातून गेली की झोके घ्यायचा. एकेक जण उठायचा, पुठ्ठ्यावर बोट दाबायचा, प्रणाली वरचा कागद फाडायची. खाली काय आलं ते वाचून पुढं काय करायचं ते सांगायचं. चुकलं की सगळी बस हसायची, आणि चुकणारे बहुतेक वेळा विद्यार्थीच असायचे. इतके साधे प्रश्न विचारायचे की प्रणाली वैतागायची.

“काका, हे ई आहे. काल सांगितलं ना?”

“काल सांगतलं, पण रात्री डोक्यातून गळलं. पुन्हा सांग. या एफले दोन दांड्या अन् या ईले तीन, बरोबर?”

एकटे मारोतराव येत नव्हते. ते पुढच्या सीटवर, पाठ करून बसत. कोणी बोलावलं तर म्हणत, “मी मागाले कानानं ओळखतो. काचेले काय इचारू?” लोकांना तो ताठा वाटे. मलाही वाटे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मागे अक्षरं चालली की त्यांची मान किंचित तिरपी व्हायची.

त्याच आठवड्यात विद्यार्थी आपली वही सीटवर विसरून उतरले. परत द्यायची म्हणून मी ती चाळली. सोमवारच्या पानांवर, सुरेख अक्षरात, ए पासून झेडपर्यंत सगळी इंग्रजी अक्षरं होती, पुढे मराठीत उच्चार, पडद्यावर येणाऱ्या सगळ्या शब्दांचे अर्थ, आणि प्रत्येक बिघाडात काय करायचं ते. गुरुवारी ज्या ई आणि एफवरून त्यांनी अख्ख्या बसचं हसू ओढवून घेतलं होतं, ते दोन्ही सोमवारीच लिहून झाले होते. दहावीचं इंग्रजी पास झालेला माणूस हा. मला आधीच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वही देताना मी हळूच विचारलं, “हे तुम्हाला सगळं येतं. मग विचारता कशाला?”

त्यांनी पुढच्या सीटकडे नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला. “त्याईले वाचता येत नाही मॅडम. एबीसीडी तर दूरच, मराठीही अडखळते. एवढा मोठा जॉबर, कसा इचारंन? कोणीतरी इचारलं पाहिजे ना. मले लोक तसेही हसतेच.”

नोकरीला लागल्यापासून मी त्यांच्या वेड्या प्रश्नांवर हसत आले होते. त्यातले किती प्रश्न त्यांचे स्वतःचे होते, आणि किती बसमधल्या, कँटीनमधल्या, कुठल्या कुठल्या गप्प बसलेल्या माणसांचे, हे मला आता कधीच कळणार नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मारोतरावांनी पुढची सीट सोडली. कोणी बोलावलं नव्हतं. ते मागे येऊन विद्यार्थ्यांच्या शेजारी टेकले आणि नाक वर ठेवून म्हणाले, “तुया आवाजानं पुढं झोप लागत नाही गा.”

“मग इथं झोपा ना जी,” म्हणत विद्यार्थ्यांनी आपली वही दोघांच्या मधोमध धरली.

तेव्हापासून रोज सकाळी दोन पिकलेली डोकी एका वहीवर झुकलेली असत. मारोतरावांनी आधी मराठीच पक्कं केलं. वर्धा रोडवरच्या दुकानांच्या पाट्या ते पुटपुटत वाचत. बस वेगात असली की अर्धी पाटी हुकायची आणि ते ड्रायव्हरवर चिडायचे.

परीक्षेचा दिवस आला. लेखी झाली. मग प्रत्यक्ष. माग बसवायला आलेले दक्षिणेकडचे एक इंजिनिअर परीक्षक होते. एकेका उमेदवाराला मागासमोर उभं करायचं, मागात मुद्दाम एक बिघाड केलेला, बारा मिनिटांत माग चालू करून दाखवायचा. साहेबांसह आम्ही सगळे जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभे होतो.

मारोतरावांचा नंबर आला. त्यांनी कळ दाबली. माग दोन क्षण चालला आणि थांबला. पडद्यावर लाल अक्षरं आली. मारोतराव पडद्याच्या अगदी जवळ गेले. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मग त्यांनी बोट उचललं, पहिल्या अक्षराखाली ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यभर ज्या आवाजात हुकूम सोडले त्या आवाजात म्हणाले, “डब्ल्यू.”

बोट सरकलं. “ई.”

प्रणालीनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

“एफ. टी.” मग थोडं थांबून, “वेफ्ट. आडवा धागा.” त्यांनी पुढचा शब्दही तसाच फोडला, वाचला, योग्य जागी बोट दाबलं, आत वाकून अडकलेला धागा काढला आणि कळ दाबली. माग सुरू झाला आणि सुरूच राहिला. बारातली नऊ मिनिटं लागली होती. मारोतराव वळले. तोंडावर तोच जुना ताठा. फक्त डोळे पुसायला त्यांनी खिशातलं फडकं शोधलं तर ते सापडेना. तेव्हा साहेबांनी आपला रुमाल पुढे केला.

संध्याकाळी निकाल लागला. चौदापैकी तेरा पास. नापास झाले ते विद्यार्थी.

झालं होतं असं. माग थांबला, पडद्यावर हवेचा दाब कमी असल्याचं आलं, ते त्यांनी एका नजरेत वाचलं, आणि मग इंजिनिअरांकडे वळून आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, “साहब, हवा कम हुई तो धागा आधे में गिरता की किनारे पे?” इंजिनिअरांना तो प्रश्न आवडला. त्यांनी उत्तर दिलं. त्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघाला. दोघांनी मिळून मागाचं झाकण उघडलं. बारा मिनिटं संपल्याची शिट्टी झाली तेव्हा दोघंही मागाच्या पोटात डोकं घालून होते, आणि माग बंद होता.

नियम म्हणजे नियम. इंजिनिअर स्वतः हळहळले, पण कोऱ्या रकान्यात गुण कुठून देणार? परतीच्या बसमध्ये तेरा जण पास होऊनही कोणी बर्फीचं नाव काढलं नाही. विद्यार्थी पहिल्यांदाच कोणाला काही विचारत नव्हते. बुटीबोरीचा पूल ओलांडल्यावर ते मला म्हणाले, “मी विसरूनच गेलो मॅडम, का परीक्षा आहे.” दप्तराचा पट्टा ते उगाच सारखा करत होते. “तुमच्या काकूले काय सांगू?”

दुसऱ्या दिवशी मी ती अर्ध्या पानाची टिपणी घेऊन साहेबांकडे गेले.

“सर, यात ‘एकदाच’ असं कुठे लिहिलंय?”

साहेबांनी टिपणी वाचली. मग स्वतःच्या अक्षरातली अट वाचली. मग पुन्हा टिपणी वाचली.

“नाही लिहिलेलं,” ते म्हणाले.

“मग पुन्हा बसता येईल.”

त्यांनी टिपणी खाली ठेवली. “तुम्ही हे मुद्दाम सोडलं होतं?”

खरं सांगायचं तर मी ते विसरले होते. पण मी म्हटलं, “हो.”

आठ दिवसांनी फेरपरीक्षा. त्या सकाळी काकू बसपर्यंत सोडायला आल्या. बसमध्ये चढण्याआधी त्यांनी खडीसाखरेचा लिंबाएवढा खडा काढला आणि नवऱ्याच्या तोंडात कोंबला. “मागासमोर उभे राहिले का असाच दुसरा घालजा. तो पुरा इरघळल्याशिवाय तोंड उघडाचं नाही. समजलं?” एक खडा त्यांनी पुडीत बांधून माझ्या हातात दिला. परीक्षा सुरू होताना तो मीच त्यांना दिला.

त्या दिवशी तीन खात्यांतली माणसं पिवळ्या पट्ट्याबाहेर जमली होती. विद्यार्थी फुगलेल्या गालानं मागासमोर उभे राहिले. इंजिनिअर शेजारी आले तेव्हा त्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. वाचलं, दाबलं, झडप फिरवली, धागा ओवला. माग धडधडायला लागला. साडेतीन मिनिटं. त्या वर्षी परीक्षा दिलेल्या सगळ्या नव्या-जुन्यांत एवढ्या लवकर कोणी माग चालू केला नव्हता.

टाळ्यांत मागाचा आवाज बुडाला. मारोतरावांनी त्यांना कमरेत धरून उचललं. जमिनीवर उतरवल्यावर विद्यार्थ्यांनी उरलेला खडा कडाकडा चावून गिळला, प्रणालीच्या पायाला हात लावला, आणि इंजिनिअरांना म्हणाले, “हां साहब, तो वो उस दिन का आधाच रह गया.”

चौदाही जण नव्या मागांवर राहिले आणि आपापल्या वेळी, हार घालून, सन्मानानं निवृत्त झाले. नव्या मुलांपैकीही कोणाला जावं लागलं नाही. पुढच्या वर्षी मागांची आणखी एक रांग आली आणि माणसं कमीच पडली. प्रणाली आज शिफ्टची प्रमुख आहे. मारोतराव निवृत्तीनंतर गावी गेले. ग्रामपंचायतीत येणारा प्रत्येक कागद आधी ते वाचतात, मोठ्यानं, आणि लोकांना थांबून ऐकावं लागतं.

गेल्या महिन्यात कारखान्यानं शिक्षणासाठी एक वेगळं दालन बांधलं. उद्घाटनाला विद्यार्थ्यांना बोलवायचं असं साहेबांनीच सुचवलं. तेही आता निवृत्तीला आलेत. कार्यक्रम मी आखला होता. फीत कापणे, दोन शब्द, साहेबांचं भाषण, आभार, चहा. विद्यार्थी इस्त्रीचा सदरा घालून आले. सत्तरीच्या जवळ पोचलेत. फीत कापली. आत शिरले. तिथे ताण्याचे, म्हणजे उभे धागे आपोआप ओवणारं नवं यंत्र ठेवलं होतं, पाच माणसांचं दिवसभराचं काम तासात करणारं. सगळे खुर्च्यांवर बसले, मी माइक त्यांच्या हातात दिला.

त्यांनी माइक खुर्चीवर ठेवला आणि यंत्राजवळ जाऊन तिथल्या तरुण इंजिनिअर मुलीला विचारलं, “हे काय करते वं?”

ती सांगू लागली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मागच्या रांगेतले चार कामगार नीट ऐकू येईना म्हणून उठून पुढे आले. मग आणखी काही. मग खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि यंत्राभोवती कोंडाळं झालं. मी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे बघत होते, तेवढ्यात त्या गर्दीत मागच्या बाजूला एक हात वर झाला. सोन्याच्या घड्याळाचा.

“एक मिनिट,” मोठे साहेब म्हणाले. “मला नाही कळलं. पुन्हा सांगता का?”

विद्यार्थ्यांनी मागं वळून पाहिलं आणि बाजूला सरकून साहेबांना पुढं जागा करून दिली.